हातांनी दिलेली विद्या : विंग चुनचे गुरू इप मान

ब्रूस लीचे गुरू एवढीच इप मान यांची ओळख बहुतेकांना असते. शिकवण्याची फारशी हौस नसलेल्या एका सुखवस्तू गृहस्थाला परिस्थितीने गुरुपदी बसवले आणि त्याने ते पद अखेरपर्यंत निभावले, ही त्यांची खरी कहाणी. खरा गुरू ओळखायचा कसा, या प्रश्नाचे उत्तरही या कहाणीत दडले आहे.

ब्रूस ली हे नाव ऐकलेले नाही असा चित्रपटरसिक शोधूनही सापडायचा नाही. एकेकाळी त्याच्या चपळाईची नक्कल न केलेला शाळकरी मुलगाही विरळाच होता. मात्र पौगंडावस्थेतील या मुलाला नीट उभे कसे राहायचे येथपासून ज्यांनी धडे दिले, ते इप मान दीर्घकाळ हाँगकाँगबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २००८ मध्ये त्यांच्याच नावाने निघालेल्या चित्रपटाने ते जगभर पोचले. पडद्यावरचे इप मान एकाच वेळी दहा जणांना लोळवतात आणि जपानी सेनापतीला लढतीत हरवतात. इतिहासात अशी लढत झालेली नाही. प्रत्यक्षातील इप मान यांचे आयुष्य याहून साधे, याहून खडतर आणि म्हणूनच अधिक जाणून घेण्याजोगे आहे.

कुंग फू म्हणजे मारामारी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चिनी भाषेत मात्र दीर्घकाळ कष्ट करून अंगी बाणवलेले कौशल्य, असा या शब्दाचा अर्थ आहे. स्वयंपाक्याला किंवा सुलेखन करणाऱ्यालाही तो लागू पडतो. कौशल्य मुरायला वेळ लागतो आणि ते मुरले की नाही, हे जाणकारालाच कळते. त्यामुळे पारंपरिक कुंग फूच्या जगात कोणाही शिकणाऱ्याला पहिला प्रश्न त्याच्या गुरूविषयी विचारला जातो. गुरूला तेथे ‘सिफू’ म्हणतात आणि या शब्दात गुरू व पिता असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. आधी आलेला शिष्य थोरला भाऊ, नंतर आलेला धाकटा आणि गुरूचे गुरू आजोबांच्या ठिकाणी मानले जातात. शिष्यत्व पत्करताना गुरूपुढे गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी चहाचा पेला द्यायचा आणि लाल पाकिटातून दक्षिणा अर्पण करायची, अशी रीत आहे. गंडाबंधन आणि घराणी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे वातावरण परके वाटू नये.

सराफाचा अखेरचा शिष्य

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात फोशान नावाचे शहर आहे. मातीची भांडी आणि व्यापार यांसाठी नावाजलेले हे शहर युद्धकलांचेही माहेरघर मानले जाते. ऑक्टोबर १८९३ मध्ये तेथील एका श्रीमंत घराण्यात इप मान यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते तिसरे. घरची जमीनजुमल्याची आणि व्यापाराची मिळकत मोठी होती. अशा घरातील मुलाने अभिजात चिनी ग्रंथांचे अध्ययन करावे आणि सुखाने कालक्रमणा करावी, हीच त्या काळाची अपेक्षा होती.

इप घराण्याची पूर्वजांच्या पूजेसाठी बांधलेली प्रशस्त वास्तू शहराच्या मुख्य रस्त्यावर होती. चान वा-शुन नावाच्या वयोवृद्ध गुरूंनी ती भाड्याने घेऊन तेथे विंग चुन शिकवण्यास सुरुवात केली. चान हे पेशाने नाणी बदलून देणारे सराफ. त्यांचे गुरू लेउंग जान हे फोशानमधील नामवंत वैद्य होते. जडीबुटीचे दुकान सांभाळत त्यांनी विंग चुनमध्ये असे नैपुण्य मिळवले की त्यांचे नाव साऱ्या शहरात आदराने घेतले जाई. चान यांनी विद्या घेतली ती या वैद्यराजांकडून.

विंग चुनच्या उगमाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शाओलिन मठाच्या विध्वंसातून वाचलेल्या एका भिक्षुणीने ही कला यिम विंग-चुन नावाच्या तरुणीला शिकवली आणि त्या तरुणीचेच नाव कलेला मिळाले. पुढे नदीतून फिरणाऱ्या नाटक मंडळींच्या लाल नौकांवरील कलावंतांनी ती जतन केली, असे ही कथा सांगते. इप मान यांनी स्वतः ही कथा लिहून ठेवली होती. इतिहासकार तिच्याकडे दंतकथा म्हणूनच पाहतात. लेउंग जान यांच्यापासूनची परंपरा मात्र बरीच स्पष्ट आहे.

आपल्याच वास्तूत चालणारी तालीम पाहून दहा-बारा वर्षांच्या इप मान यांना तिची ओढ लागली. साठवलेले पैसे घेऊन हा मुलगा थेट गुरूंपुढे उभा राहिला. एवढे पैसे मुलाजवळ आले कोठून, या शंकेने गुरूंनी त्याला आईवडिलांकडे नेले आणि खात्री पटल्यावरच प्रवेश दिला, असे सांगतात. श्रीमंताघरचा नाजूक मुलगा चार दिवसांत कंटाळून जाईल, हा त्यांचा अंदाज चुकला. चान यांनी आयुष्यात मोजकेच शिष्य केले. इप मान हे त्यांतील सोळावे आणि अखेरचे, असे परंपरा मानते.

गुरूंचा सहवास दीर्घ नव्हता. चान यांचे वय झाले होते, प्रकृतीही साथ देत नव्हती आणि काही वर्षांतच त्यांचे निधन झाले. जाण्यापूर्वी त्यांनी आपले ज्येष्ठ शिष्य उंग चुंग-सोक यांच्यावर या लहान गुरुबंधूची जबाबदारी सोपवली. इप मान यांच्या शिक्षणाचा मोठा भाग या थोरल्या गुरुबंधूंकडेच झाला. गुरू एक आणि प्रत्यक्ष शिकवणारा दुसरा, ही गोष्ट अशा परंपरांत नवी नाही. ज्येष्ठाने कनिष्ठाला घडवायचे, ही तेथील रीतच आहे. पुढे ब्रूस लीच्या बाबतीतही हेच घडायचे होते.

गर्व उतरवणारी भेट

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास इप मान शिक्षणासाठी हाँगकाँगला आले. सेंट स्टीफन्स कॉलेज या प्रतिष्ठित शाळेत त्यांनी प्रवेश घेतला. ब्रिटिश वसाहतीतील या शाळेत सधन चिनी कुटुंबांतील मुले शिकत. तोवर हातात थोडीफार विद्या आणि अंगात भरपूर रग होती. बरोबरीच्या मुलांशी झालेल्या झटापटींत कोणी त्यांच्यापुढे टिकत नसे.

याच काळात एका मित्राने आपल्या वडिलांच्या ओळखीतील एका वृद्ध गृहस्थांविषयी त्यांना सांगितले. या गृहस्थांना कुंग फू येते म्हणतात, तर जरा हात करून पाहा, असा प्रस्ताव होता. इप मान आत्मविश्वासाने गेले आणि त्या वृद्धाने त्यांना सहज, अगदी खेळवत खेळवत निष्प्रभ केले. पुन्हा प्रयत्न केला, निकाल तोच लागला. नंतर उलगडा झाला तो असा, की हे गृहस्थ म्हणजे वैद्यराज लेउंग जान यांचे पुत्र लेउंग बिक. म्हणजे आपल्या गुरूंच्या गुरूंचाच मुलगा. इप मान यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले आणि पुढील काही वर्षे त्यांच्याकडून सूक्ष्म धडे घेतले.

ही हकिकत इप मान यांच्या परंपरेत आदराने सांगितली जाते. काही अभ्यासकांनी मात्र तिच्याविषयी शंका घेतली आहे, कारण लेउंग बिक यांच्याविषयी या कथेबाहेरचा भक्कम पुरावा मिळत नाही. ती शब्दशः खरी असो वा नसो, इप मान यांनी ती आपल्या शिष्यांना सांगितली, हे महत्त्वाचे. दुसरा कोणी असता तर त्याने आपण कोणाकोणाला पाडले याची यादी ऐकवली असती. आपला गर्व एका म्हाताऱ्याने कसा उतरवला, हे इप मान यांनी सांगितले.

चोविसाव्या वर्षाच्या आसपास ते फोशानला परतले तेव्हा गुरुबंधूंना त्यांच्या हातातील बदल जाणवला. हा परंपरा सोडून भलतेच काही शिकून आला, अशी कुजबुजही झाली. परंपरेतील शुद्धतेचा वाद इप मान यांच्या वाट्याला असा तरुणपणीच आला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच नावाने तो कितीतरी मोठ्या प्रमाणात पेटणार होता.

वैभव ओसरले

फोशानमधील पुढची दोन दशके सुखाची गेली. चेउंग विंग-सिंग यांच्याशी विवाह झाला, मुले झाली. इप मान यांनी पोलिस दलात नोकरी केली. संध्याकाळी मित्रमंडळींत विंग चुनचा सराव चाले, हौसेने दोघा-चौघांना दोन गोष्टी दाखवल्याही जात. परंतु विद्या विकून पोट भरणे त्यांच्या मनातही नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

ऑक्टोबर १९३८ मध्ये जपानी सैन्याने ग्वांगझौ आणि फोशान ताब्यात घेतले आणि हे चित्र पालटले. इप घराण्याची मालमत्ता गेली, मिळकतीचे मार्ग आटले. ज्या घरात कधी ददात नव्हती तेथे धान्याची चिंता आली. जपान्यांनी त्यांना आपल्या लोकांना शिकवण्यास सांगितले होते आणि त्यांनी ते नाकारले, असे त्यांचे कुटुंबीय सांगत. चित्रपटातील त्या रोमहर्षक लढतीचे मूळ फार तर एवढ्या एका नकारात आहे.

कठीण दिवसांत एका मित्राची सूतगिरणी आधार ठरली. १९४१ ते १९४३ या काळात इप मान यांनी तेथे मोजक्या तरुणांना विंग चुन शिकवले. क्वोक फू आणि लुन काई हे दोघे त्यांतलेच. पुढे इप मान मायभूमी सोडून गेले, पण हे दोघे मागेच राहिले आणि फोशानमध्ये त्यांच्या हातची विद्या त्यांच्यामुळे टिकली. आपण गुरू होत आहोत, याची जाणीव त्या वेळी खुद्द इप मान यांनाही नसावी.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा पोलिस सेवेत गेले. तोवर चीनमधील यादवी युद्धाचे पारडे कम्युनिस्टांकडे झुकले होते. जुन्या राजवटीत पोलिस अधिकारी राहिलेल्या आणि जमीनदार घराण्यात जन्मलेल्या माणसाला नव्या राजवटीत काय वाढून ठेवले आहे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. १९४९ मध्ये इप मान यांनी फोशान सोडले आणि मकावमार्गे ते हाँगकाँगला पोचले. पत्नी आणि मुले मागे राहिली. १९५१ मध्ये सीमेवरील ये-जा बंद झाली. पती-पत्नींची त्यानंतर भेट झाली नाही. १९६० मध्ये चेउंग यांचे फोशानमध्येच निधन झाले. इप चुन आणि इप चिंग हे दोन पुत्र १९६२ मध्ये हाँगकाँगला वडिलांकडे येऊ शकले, ते तेरा वर्षांच्या ताटातुटीनंतर.

कामगारांचा सिफू

त्या वेळचे हाँगकाँग निर्वासितांनी ओसंडून वाहत होते. १९४५ मध्ये जेमतेम सहा लाखांवर आलेली लोकसंख्या १९५० च्या दशकाच्या प्रारंभी वीस लाखांच्या पुढे गेली. डोंगरउतारांवर झोपड्या उभ्या राहत होत्या आणि एकेका खोलीत अनेक कुटुंबे राहत होती. छप्पन्न वर्षांचे, ठेंगणे, सडपातळ इप मान या गर्दीत रिकाम्या हातांनी दाखल झाले. ज्या वयात माणूस निवृत्तीचा विचार करतो, त्या वयात त्यांना नव्याने सुरुवात करायची होती.

कौलूनमधील शाम शुई पो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उपाहारगृह कामगारांची एक संघटना होती. एका मित्राच्या ओळखीने इप मान यांना तेथे आसरा मिळाला. लेउंग शेउंग नावाचा एक धिप्पाड कार्यकर्ता तेथे होता. इतर शैलींचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ या किरकोळ म्हाताऱ्याच्या हातातील विद्येने थक्क झाला आणि त्यांचा हाँगकाँगमधील पहिला महत्त्वाचा शिष्य बनला. जुलै १९५० मध्ये संघटनेच्या जागेत पहिला वर्ग सुरू झाला. दिवसभर राबणारे स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारे हे त्यांचे पहिले विद्यार्थी. पूर्वजांच्या वास्तूत पैसे घेऊन गुरूपुढे उभा राहिलेला श्रीमंताचा मुलगा आता कामगारांच्या फीवर गुजराण करू लागला.

विंग चुनचे प्रारंभीचे शिक्षण नवख्याला कंटाळवाणे वाटते. ‘सिउ निम ताव’ नावाच्या पहिल्या क्रमात विद्यार्थी पाऊलही न हलवता एका जागी उभा राहतो. गुडघे आत वळवलेले, पाठ ताठ, दोन्ही हातांच्या संथ हालचाली शरीराच्या मध्यरेषेभोवती. लाथा नाहीत, उड्या नाहीत, आरोळ्या नाहीत. महिनोन् महिने हेच चालते. दुसऱ्या क्रमात शरीर वळवणे, पाऊल टाकणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाताशी संपर्क साधणे येते. तिसऱ्यात अडचणीत सापडल्यावर सुटण्याचे मार्ग असतात. त्याच्या जोडीला लाकडी पुतळा, लांब काठी आणि आखूड अशा दोन सुऱ्या. आखाड्यातील चमकदार प्रात्यक्षिकांची सवय असलेल्या लोकांना हे पाहून हसू येई. सुरुवातीला बरेच विद्यार्थी येत आणि निघून जात. राहिले ते मोजकेच. लेउंग शेउंग, लोक यिउ, चू शोंग-तिन आणि काही काळाने आलेले वोंग शुन-लेउंग यांनी पुढे ही कला वाढवली.

इप मान यांनी फोशानची पद्धत जशीच्या तशी हाँगकाँगमध्ये आणली नाही. फोशानमध्ये लाकडी पुतळ्याचा खांब जमिनीत पुरत असत. हाँगकाँगच्या इमारतींतील वरच्या मजल्यावर ते शक्य नव्हते, म्हणून भिंतीला लाकडी पट्ट्यांवर टांगलेला पुतळा आला. पुतळ्यावरील हालचालींची त्यांनी फेररचना केली. पंचतत्त्वे, अष्टदिशा अशा गूढ परिभाषेत गुंडाळून शिकवण्याची जुनी प्रथा त्यांनी बाजूला ठेवली आणि आधुनिक शिक्षण घेतलेल्या तरुणाला कळेल अशा भाषेत कोन, अंतर आणि बळ यांविषयी ते समजावू लागले. कलेचा गाभा कायम ठेवून तिच्यावरील धूळ झटकण्याचे हे काम होते. कलेचा गाभा कोणता आणि धूळ कोणती, हे कळण्यासाठीच आधी पूर्ण शिकावे लागते.

स्पर्शाची परीक्षा

या शिक्षणाचा कणा म्हणजे ‘ची साव’. या शब्दाचा अर्थ चिकटते हात. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मनगटे व पुढचे हात एकमेकांना टेकवायचे आणि ते सतत फिरवत ठेवायचे. समोरच्याचा जोर कोणत्या दिशेने येतो आहे, तो कोठे ढिला पडला, कोठे ताठरला, हे डोळ्यांनी पाहण्याआधी कातडीला कळले पाहिजे. वाट मोकळी झाली की त्याच क्षणी हात पुढे सरकला पाहिजे. ही गोष्ट पुस्तकात वाचून येत नाही. आरशासमोर एकट्याने केल्याने येत नाही. ज्याच्या हातात ती आहे, त्याच्या हाताला हात लावूनच ती शिकावी लागते.

गुरूची योग्यता हा येथे प्रतिष्ठेचा प्रश्न उरत नाही. तो व्यवहाराचा प्रश्न बनतो. शिकवणाऱ्याच्या हाताला चुकीचे वळण असेल तर शिष्याच्या हाताला तेच वळण लागते आणि ते मोडण्यात पुढची कित्येक वर्षे जातात. म्हणूनच इप मान नव्या विद्यार्थ्याला पारखून घेत. कोणाला काय आणि किती शिकवायचे, हे त्याची शरीरयष्टी आणि स्वभाव पाहून ठरवीत. प्रत्येकाशी स्वतः ची साव करणे शक्य नसे, तेव्हा नवागतांना ज्येष्ठांकडे सोपवीत आणि आपण बाजूला बसून लक्ष ठेवीत. रंगीत पट्टे नव्हते, परीक्षा नव्हत्या, भिंतीवर लावण्याची प्रमाणपत्रे नव्हती. वर्गाची जाहिरातही नसे. विद्यार्थ्याची प्रगती त्याच्या हाताला हात लावताच कळत असे.

शिष्यांतील काही तरुण मात्र या पारखीवर समाधानी नव्हते. इतर शैलींच्या तरुणांशी इमारतींच्या गच्चीवर लपूनछपून होणाऱ्या झुंजी हा त्या काळच्या हाँगकाँगचा एक भाग होता. वोंग शुन-लेउंग यांनी अशा झुंजींत मोठे नाव कमावले आणि त्यांच्यामुळे विंग चुनचेही नाव झाले. हसणाऱ्यांची तोंडे त्यामुळे बंद झाली खरी.

इप मान यांचे हे दिवस निष्कलंक होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. पत्नी सीमेपलीकडे असताना त्यांच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आणि ते न रुचल्याने काही शिष्य सोडून गेले. काही जुन्या शिष्यांनी त्यांच्या अफूच्या व्यसनाचाही उल्लेख केला आहे. वर्गाची जागा वारंवार बदलत होती. होई तान स्ट्रीट, ली तात स्ट्रीट, पुढे ली चेंग उक ही निर्वासितांची वसाहत, असा हा प्रवास. गुरू म्हणजे देव नव्हे, हे त्यांच्या जवळच्या शिष्यांना पुरते ठाऊक होते. तरीही जे टिकले ते त्यांच्या हातांसाठी टिकले.

ब्रूस नावाचा मुलगा

१९५० च्या दशकाच्या मध्यात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा या वर्गात आला. वडील नावाजलेले नाट्यकलावंत, मुलगा स्वतः बालकलाकार, चणीने बारीक आणि भांडणांत पुढे. हाच ब्रूस ली. इप मान यांनी त्याला स्वीकारले, पण त्याच्या रोजच्या सरावाचा बराच भार वोंग शुन-लेउंग यांनी उचलला. इप मान आणि किशोरवयीन ब्रूस ची साव करताना दिसतात, ते छायाचित्र आज जगप्रसिद्ध आहे.

१९५९ मध्ये ब्रूस अमेरिकेला गेला तेव्हा त्याचे शिक्षण अपुरेच होते. विंग चुनचा पूर्ण अभ्यासक्रम त्याने केलेला नव्हता. तेथे तो शिकवू लागला आणि १९६७ मध्ये त्याने आपल्या विचारांना जीत कुन दो हे नाव दिले. ठरीव शैलींच्या चौकटी त्याने नाकारल्या, तरी मध्यरेषा, सरळ ठोसा आणि हाताची संवेदना या विंग चुनच्या खुणा त्याच्या पद्धतीत राहिल्या.

१९६० च्या दशकात हाँगकाँगला आला असताना ब्रूसने गुरूंना एक विनंती केली, असे त्यांच्या शिष्यपरिवारात सांगितले जाते. संपूर्ण विद्येचे चित्रीकरण करू द्यावे, मोबदल्यात त्याने घर देऊ केले होते. आयुष्यभर भाड्याच्या जागांत दिवस काढलेल्या इप मान यांनी नकार दिला. जे इतरांना वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळाले, ते एकालाच पैशाच्या बळावर देणे त्यांना पटले नाही.

अखेरची चित्रफीत

१९६७ मध्ये इप मान आणि त्यांच्या शिष्यांनी हाँगकाँगमध्ये विंग चुनची अधिकृत संघटना नोंदवली. गुप्तपणे शिकवल्या जाणाऱ्या कलेला प्रथमच उघड, नोंदणीकृत घर मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या घशाला कर्करोगाने ग्रासले.

१९७२ च्या अखेरीस, मृत्यूला काही आठवडेच उरले असताना, इप मान यांनी एक अनपेक्षित निर्णय घेतला. मुलाच्या घरी, आठ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यासमोर ते उभे राहिले. कृश झालेला देह, थकलेले हात. त्यांनी सिउ निम ताव करून दाखवला, दुसरा क्रम ‘चुम किउ’ करून दाखवला आणि लाकडी पुतळ्यावरील हालचाली केल्या. तिसरा क्रम, काठी आणि सुऱ्या यांचे चित्रण होऊ शकले नाही. या चित्रफितीला आवाज नाही, प्रकाशयोजना नाही, नाट्य नाही. मोबदला तर नव्हताच.

जे घराच्या मोबदल्यात नाकारले, ते आजारी अवस्थेत विनामूल्य का दिले? आपल्या पश्चात कोणी काहीही शिकवील आणि ते इप मान यांच्या नावावर खपवील, ही भीती त्यामागे होती, असे त्यांचे निकटवर्तीय सांगत. चित्रफीत पाहून कोणाला विंग चुन येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मात्र शिकलेल्याला ताडून पाहता यावे, एवढी सोय त्यांनी करून ठेवली.

डिसेंबर १९७२ च्या प्रारंभी मोंग कोक भागातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ब्रूस लीच्या लोकप्रियतेचा तो ऐन बहराचा काळ होता. पुढे साडेसात महिन्यांनी, २० जुलै १९७३ रोजी, ब्रूसही अकाली गेला. शिष्याच्या कीर्तीने गुरूचे नाव जगभर पोचवले, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

नाव एक, दावे अनेक

इप मान यांनी उत्तराधिकारी नेमला नाही. मृत्यूनंतर जे व्हायचे तेच झाले. कोणी स्वतःला अखेरचा अंतरंग शिष्य म्हणवू लागला, कोणी गुरूंनी गुप्त विद्या आपल्यालाच दिल्याचा दावा केला. एकाच चिनी नावाची रोमन लिपीतील निरनिराळी स्पेलिंगे निरनिराळ्या शाळांची निशाणे बनली. युरोप-अमेरिकेत विंग चुन मोठ्या व्यवसायाच्या रूपात उभे राहिले. शिष्य वाढले तशी भांडणेही वाढली. या गदारोळात ती मूक चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली गेली.

२००२ मध्ये फोशानच्या प्राचीन मंदिराच्या आवारात इप मान यांचे स्मृतिदालन उघडण्यात आले. ज्या शहरातून त्यांना जावे लागले, त्याच शहराने त्यांना सन्मानाने परत आणले. २००८ नंतर आलेल्या चित्रपटमालिकेने आणि २०१३ च्या ‘द ग्रँडमास्टर’ने त्यांची कीर्ती आणखी पसरली. या चित्रपटांनंतर विंग चुन शिकण्यासाठी ठिकठिकाणी रांगा लागल्या आणि स्वयंघोषित गुरूंचेही पीक आले.

आज आपल्या शहरांतही गल्लोगल्ली युद्धकलांचे वर्ग दिसतात. सहा महिन्यांत एक पट्टा, दोन वर्षांत काळा पट्टा, अशी आश्वासने फलकांवर झळकतात. मुलाला अशा वर्गात घालणाऱ्या पालकाने काय पाहावे? इप मान यांच्या आयुष्यात याची उत्तरे आहेत. शिकवणारा स्वतः कोणाकडून आणि किती वर्षे शिकला, हे तो संकोच न करता सांगतो का, हे पाहावे. आपण कोठे हरलो, हे सांगण्याचे धैर्य त्याच्यात आहे का, हे पाहावे. तो विद्यार्थ्याच्या हाताला हात लावून शिकवतो की लांबून आकडे मोजतो, हे पाहावे. आणि त्याच्याकडे पाच-दहा वर्षे टिकलेले शिष्य कसे आहेत, हे तर आवर्जून पाहावे.

संपत्ती, घर, शहर आणि कुटुंबाचा सहवास, असे सारे इप मान यांच्या हातून गेले. लहानपणी दोघा-तिघांनी त्यांच्या हातांत जे घातले होते, तेवढेच कोणाला हिरावून घेता आले नाही. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्याजवळ उरलेले भांडवल ते एवढेच होते. ते त्यांनी उपाहारगृहातील कामगारांना, गच्चीवर झुंजणाऱ्या तरुणांना आणि एका खोडकर बालकलाकाराला वाटून टाकले. फोशानमधील त्या पूर्वजगृहात सुरू झालेले शिक्षण आज जगाच्या कानाकोपऱ्यात चालू आहे. आजही ते एकाच मार्गाने पुढे जाते. एकाने हात पुढे करायचा आणि दुसऱ्याने त्याला आपला हात लावायचा.